जवळ्याचं तोंड कसं चालतं? समुद्रातल्या छोट्या कवचधारी जिवांच्या 'खाण्याच्या पायां'ची संपूर्ण माहिती

आपण इथे नेहमी प्रोसेसर, कॅमेरा सेन्सर, बॅटरी असल्या गोष्टी उघडून बघतो. आज जे मशीन उघडणार आहोत ते बहुतेकांच्या स्वयंपाकघरात कधी ना कधी येऊन गेलंय. सुका जवळा! कांदा-लसूण-मिरची घालून परतला की भाकरीबरोबर संपतो आणि त्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही.

पण बघायला हवं. तीन सेंटीमीटरच्या या जिवाच्या तोंडाभोवती पकडणारे, चाळणारे, पुढे ढकलणारे, चावणारे आणि चव घेणारे असे वेगवेगळे अवयव ओळीने बसवलेले असतात. जवळा ज्यांना खातो त्या कोपेपॉड नावाच्या मिलिमीटरभर जिवांकडेही हाच संच असतो, फक्त आणखी बारीक. बांगडा आणि तारली हे मासे याच बारीक जिवांवर पोसतात. म्हणजे समुद्रातलं उन्हात तयार झालेलं अन्न आपल्या ताटापर्यंत येणार की नाही, हे बऱ्याच अंशी या केसाएवढ्या अवयवांवर ठरतं.

या लेखात आपण हे अवयव कोणते, ते कसे चालतात, शास्त्रज्ञांचा त्यांच्याबद्दलचा जुना समज कसा चुकीचा निघाला आणि आज त्यांच्यासमोर कोणती अडचण आहे, हे सगळं सोप्या भाषेत बघू. चला तर मग, सुरुवात करूया.

कवचधारी म्हणजे नेमके कोण?

खेकडा, कोळंबी, शेवंड, जवळा, कोपेपॉड, क्रिल, बार्नेकल हे सगळे कवचधारी वर्गातले. अंगावर कडक कवच असतं आणि पाय सांध्यांचे असतात. कीटक, कोळी आणि विंचू यांच्यासारखेच हेही संधिपाद प्राणी.

यांच्या शरीराची मूळ आयडिया एकदम मॉड्युलर आहे. शरीर म्हणजे एकामागे एक जोडलेले खंड, आणि जवळपास प्रत्येक खंडाला उपांगांची एक जोडी. मूळ उपांगाला बहुधा दोन फाटे असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. मग गरजेप्रमाणे कुठे आतला फाटा लांब होऊन चालायचा पाय झाला, कुठे बाहेरचा फाटा चपटा होऊन वल्हं झाला, तर कुठे बुडाशी दात आले आणि जबडा तयार झाला.

आमच्या निघोजे-चाकण पट्ट्यात राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. गाड्यांच्या कारखान्यात रोबोटिक आर्म तोच असतो, फक्त त्याच्या टोकाला काय लावलंय त्यावर काम ठरतं. ग्रिपर लावला तर पार्ट उचलेल, वेल्डिंग गन लावली तर वेल्ड मारेल, नोझल लावला तर रंग देईल. कवचधाऱ्यांनी हेच कोट्यवधी वर्षं आधी केलंय. फरक एवढाच की त्यांचं टूल बदलता येत नाही, ते जन्मजात फिट होऊन येतं.

पार्ट लिस्ट: तोंडाभोवती काय काय असतं?

पुढून मागे गेलं तर क्रम असा लागतो. पुस्तकातली मराठी नावंही सोबत देतोय.

१. पहिली शृंगिका, म्हणजे अँटेन्यूल. पुढची मिशी. वास आणि पाण्यातली हालचाल ओळखणारा सेन्सर.

२. दुसरी शृंगिका, म्हणजे अँटेना. कुणात ही लांबलचक मिशी असते, तर कोपेपॉडमध्ये पाणी ढवळणारं वल्हं.

३. जंभ, म्हणजे मँडिबल. खरा जबडा. बुडाशी दात असतात, इथे अन्न फुटतं.

४. पहिली जंभिका, म्हणजे मॅक्सिल्यूल. अन्न जबड्याकडे सरकवणारा कंगवा.

५. दुसरी जंभिका, म्हणजे मॅक्सिला. अन्न पकडणारं जाळं.

६. जंभपाद, म्हणजे मॅक्सिलिपेड. हे खरं तर छातीचे पाय, पण ते पुढे सरकून तोंडाच्या सेवेत रुजू झालेत. कोपेपॉडमध्ये यांची एक जोडी असते, तर कोळंबी, खेकडा आणि जवळा यांच्यात तीन जोड्या.

पहिल्या पाच जोड्या डोक्याच्या असतात आणि हा पाचाचा हिशोब जवळपास सगळ्या कवचधाऱ्यांमध्ये सारखा राहतो. बदलतं ते सहाव्या नंबरपासून पुढचं. कुणी छातीचे किती पाय तोंडाला दिले, यावरून त्या जिवाची जगण्याची पद्धत बरीचशी कळते.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. आपला जबडा वर-खाली चालतो, यांचा डावी-उजवीकडून चालतो. कारण तो मुळात पायांच्या जोडीपासूनच झालाय. एक डावा, एक उजवा, मध्ये तोंड.

जवळा: दहा पायांच्या घराण्यातला सहा पायांचा मेंबर

जवळ्याचं शास्त्रीय नाव ॲसिटिस इंडिकस. १८३० मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी त्याचं वर्णन केलं. लांबी साधारण दोन ते चार सेंटीमीटर. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोळी बांधव त्याला डोल जाळ्यात पकडतात. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून बांधलेली लांब पिशवी. पाणी आरपार जातं, जवळा आत अडकतो. हे वाक्य विसरू नका, कारण जवळा स्वतः जेवताना काय करतो ते बघताना आपल्याला पुन्हा जाळ्यांकडेच यायचंय.

बऱ्याच जणांना वाटतं की जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं. तसं अजिबात नाही. ही वेगळी जात आहे आणि तेवढीच मोठी होते.

कोळंबी, खेकडा, जवळा यांचा गट म्हणजे दशपाद, अर्थात छातीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या. पण जवळ्यात चौथी आणि पाचवी जोडी नसतेच. उरल्या तीन जोड्या, म्हणजे सहा पाय. कारण सरळ आहे. जवळा तळावर चालत बसत नाही, तो पाण्यात थव्याने तरंगत असतो. पोहायला पोटाखालच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या पाच जोड्या आहेतच. मग चालायचे पाय हवेत कशाला?

जे तीन राहिले त्यांच्या टोकाला अगदी बारीक चिमटा असतो आणि कडेला केसांच्या रांगा असतात. त्यांच्या पुढे तीन जोड्या जंभपाद. त्यातला तिसरा चांगलाच लांब, बघताना पायच वाटतो. हे सगळे मिळून तोंडाखाली एक सैलसर टोपली तयार करतात. पाण्यातले कोपेपॉड, डायाटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, कुजलेल्या वनस्पतींचे कण असं जे सापडेल ते या टोपलीत येतं आणि पुढच्या अवयवांकडे सरकवलं जातं. जवळ्याच्या पोटात हे सगळे प्रकार सापडतात. म्हणजे शाकाहारी की मांसाहारी असं विचारलं तर उत्तर 'दोन्ही'.

कोपेपॉड: जगातला सगळ्यात मोठा गैरसमज झालेला फिल्टर

आता खऱ्या हिरोकडे येऊ. कोपेपॉड या नावाचा ग्रीक अर्थ 'वल्ह्यासारखे पाय असलेला'. बहुतेक जाती एक-दोन मिलिमीटरच्या किंवा त्याहून लहान. समुद्राच्या वरच्या पाण्यात बारीक जाळी ओढली की जे प्राणी सापडतात, त्यात बहुतेक वेळा यांचीच संख्या सगळ्यात जास्त असते.

भारतात यांचा अभ्यास जोमाने वाढला तो आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेमुळे. १९६० च्या आसपास सुरू झालेली ही मोहीम १९६५ पर्यंत चालली. अनेक देशांच्या जहाजांनी गोळा केलेले प्लवकांचे नमुने कोचीच्या केंद्रात एक-एक करून वेगळे केले गेले. याच मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय आज गोव्यात दोना पावला इथे आहे.

कोपेपॉड खातो कसा, याचं जुनं उत्तर सोपं होतं. त्याच्या दुसऱ्या जंभिकेवर केसांची दाट रांग असते आणि त्या केसांवर आणखी बारीक केस. दिसायला हुबेहूब चाळणी. मग लोक म्हणाले, पाणी या चाळणीतून जातं, शेवाळ अडकतं, संपला विषय. कितीतरी वर्षं पुस्तकांत हेच छापलं जात होतं.

गडबड झाली ती हाय-स्पीड कॅमेरा आल्यावर. १९८१ मध्ये मिमी कोल आणि रूडी स्ट्रिकलर या दोन शास्त्रज्ञांनी कोपेपॉडच्या जेवणाचं हाय-स्पीड शूटिंग प्रसिद्ध केलं. सोबत पाण्यात रंगाची धार सोडली, म्हणजे पाणी नेमकं कुठून कुठे जातं ते दिसेल. आणि दिसलं भलतंच. पाणी त्या 'चाळणी'तून जातच नव्हतं! केसांची रांग अखंड वल्ह्यासारखी वागत होती.

असं का? इथे थोडं गणित

घाबरू नका, एकच सूत्र आहे. द्रवात हलणाऱ्या वस्तूला जडत्व जास्त जाणवतं की चिकटपणा, हे सांगणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स नंबर. वेग गुणिले आकार, भागिले द्रवाचा चिकटपणा. (इथे घनतेचा हिशोब धरून काढलेला चिकटपणा वापरतात.)

पोहणारा माणूस घ्या. लांबी साधारण २ मीटर, वेग सेकंदाला १ मीटर. पाण्यासाठी उत्तर येतं सुमारे २० लाख. एवढा मोठा आकडा म्हणजे जडत्वाचं राज्य. हात मारला की माणूस पुढे सरकतो आणि सरकतच राहतो.

आता कोपेपॉडचा एक केस घ्या. समजा जाडी २ मायक्रोमीटर, वेग सेकंदाला १ सेंटीमीटर. उत्तर येतं ०.०२. इथे चिकटपणाचं राज्य. त्या केसासाठी साधं पाणी म्हणजे काकवी.

घरी करून बघा. वाटीत काकवी किंवा मध घ्या आणि त्यात कंगवा हळू फिरवा. दातांमध्ये फटी असूनही काकवी फटीतून जात नाही, कंगव्याबरोबरच ओढली जाते. प्रत्येक दाताभोवती द्रवाचा जाड थर चिकटून बसतो आणि शेजारच्या दातांचे थर एकमेकांना भिडले की फट असून नसल्यासारखी होते. तोच कंगवा पाण्यात जोरात फिरवा, पाणी आरपार जाईल.

म्हणजे एकाच डिझाइनची चाळणी होते की वल्हं, हे फक्त आकारावर ठरत नाही. केसांमधलं अंतर आणि वेग यांवरही ठरतं. १९८७ मध्ये चीअर आणि कोल यांनी गणिती मॉडेलने हेच दाखवलं. केस दाट आणि हळू असतील तर वल्हं, विरळ आणि वेगवान असतील तर दाताळं.

मग कोपेपॉड जेवतो कसा? स्टेप बाय स्टेप

स्टेप १: दुसऱ्या शृंगिका, जबड्यांचे बाहेरचे फाटे, पहिल्या जंभिका आणि जंभपाद सेकंदाला वीसहून जास्त वेळा फडफडतात. त्यामुळे शरीराच्या बाजूने पाण्याचा एक प्रवाह सुरू होतो. आपला कन्व्हेअर बेल्टच समजा.

स्टेप २: प्रवाहातून शेवाळाची पेशी येते. ती जवळ आल्याचं कोपेपॉडला आधीच कळतं. कसं, ते पुढे बघू.

स्टेप ३: दुसऱ्या जंभिका झटकन बाहेरच्या बाजूला उघडतात. मध्ये जागा तयार होते आणि ती भरायला पाणी आत ओढलं जातं. पाण्याच्या त्या गोळ्यात पेशीही असते.

स्टेप ४: जंभिका पेशीवर मिटतात आणि जादाचं पाणी पिळून बाहेर जातं. दोन्ही हातांनी ओंजळ करून पाण्यातली बेडकुळी पकडतो ना, अगदी तसंच. पाणी गाळण्याऐवजी ते पेशीसकट पकडलं जातं.

स्टेप ५: पहिल्या जंभिकेचे आतले दाते कंगव्यासारखे फिरतात, केसांत अडकलेली पेशी सोडवतात आणि जबड्याकडे पाठवतात.

हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याआधी. माशी उडून गेल्यावर आपण टाळी वाजवतो, हा जीव मात्र दर सेकंदाला असा खेळ करू शकतो.

सगळेच कोपेपॉड प्रवाह तयार करतात असंही नाही. ओयथोना नावाचा छोटा प्रकार भारताच्या किनाऱ्यांवरही भरपूर असतो. तो एका जागी स्तब्ध तरंगत राहतो. जवळून काही हललं की मिशांना पाण्याची थरथर जाणवते आणि मग एका उडीत झडप. प्रवाह चालू ठेवायला ऊर्जा लागते आणि त्या हालचालीने शत्रूलाही पत्ता लागतो. दबा धरून बसणाऱ्याचा दोन्हींत फायदा, फक्त भक्ष्य हलतं असायला हवं.

काचेचे दात

डायाटम हे समुद्रातलं महत्त्वाचं सूक्ष्म शेवाळ. त्याच्या पेशीभोवती सिलिकाची, म्हणजे काचेच्या जातीच्या पदार्थाची डबी असते. ती फोडायची कशी?

उत्तर कमाल आहे. अनेक कोपेपॉडांच्या जबड्याच्या दातांवरही सिलिकाचीच टोपी असते, ओपल नावाच्या रूपात. बाकी जबडा कायटिनचा, म्हणजे थोडा लवचिक, आणि टोक तेवढं कडक. कारखान्यात टूलचा दांडा साध्या स्टीलचा आणि कापणारी टिप कार्बाइडची असते, तोच हिशोब. सगळं कडक केलं तर तुटेल, सगळं मऊ ठेवलं तर झिजेल.

दातांच्या आकारावरून आहारही ओळखता येतो. १९७० मध्ये इतो या जपानी शास्त्रज्ञाने दातांमधलं अंतर आणि उंची मोजून एक निर्देशांक काढायची पद्धत मांडली. आकडा ५०० च्या खाली असेल तर मुख्यतः शेवाळ खाणारा, ९०० च्या वर असेल तर शिकारी, मधला असेल तर मिश्राहारी. शाकाहाऱ्याचे दात आखूड आणि जवळजवळ, जात्यासारखे. शिकाऱ्याचे मोजके, लांब आणि टोकदार. वाघ आणि गाय यांच्या दातांत जो फरक, तोच इथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात.

चव घेऊन मग खाणारा सेन्सर

कोपेपॉड जे येईल ते गिळतो, हाही जुनाच समज. तोंडाभोवतीच्या केसांपैकी काही केस चव-वास ओळखणारे असतात. १९७८ मध्ये पुले आणि मार्सो यांनी एक मस्त प्रयोग केला. त्यांनी बारीक कृत्रिम गोळ्या तयार केल्या, काही साध्या आणि काहींमध्ये शेवाळाचा अर्क. आकार सारखाच. कोपेपॉडांनी अर्कवाल्या गोळ्या जास्त पसंत केल्या. फक्त चाळणी असती तर हा फरक दिसलाच नसता, कारण चाळणीला फक्त साइज कळते.

म्हणजे या मशीनमध्ये पकडणारा भाग आणि सेन्सर वेगळे नाहीत. पकडतानाच तपासणी होते आणि नको असेल तर पेशी बाहेर फेकली जाते.

हेच डिझाइन, वेगवेगळे अवतार

बार्नेकल: कोकणात किंवा मुंबईत ओहोटीला खडकांवर, जेट्टीच्या खांबांवर पांढऱ्या खरखरीत टोप्या दिसतात, पायाला लागल्या की कापतं. तेच बार्नेकल. हा प्राणी डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटतो आणि आयुष्यभर पायांनी जेवतो. छातीच्या पायांच्या सहा जोड्या पिसांसारख्या झालेल्या असतात. भरती आली की टोपीची झडप उघडून मागच्या लांब जोड्या पंखा हलवावा तशा पाण्यात फिरवतो आणि पुढच्या आखूड जोड्या त्यांच्यावर अडकलेलं अन्न काढून तोंडाकडे देतात. बार्नेकल दिसायला शिंपल्यासारखा, त्यामुळे त्याला बरीच वर्षं शिंपल्यांच्या घराण्यात टाकलं होतं. १८३० मध्ये जॉन वॉन थॉम्पसन यांनी त्याची पिल्लं पाहिली आणि हा कवचधारी असल्याचं दाखवलं. पुढे चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच प्राण्यावर घालवली.

क्रिल: अंटार्क्टिकाचा क्रिल सहा सेंटीमीटरपर्यंत वाढतो. याच्या छातीच्या पायांच्या सहा जोड्यांची टोपली होते. टोपली उघडली की पुढून पाणी आत, मिटली की बाजूच्या केसांमधून पाणी बाहेर, अन्न आत. इथे मात्र चाळणी खरोखर चालते, कारण जीव मोठा, वेग जास्त आणि पाणी दाबाने पिळलं जातं.

आर्टेमिया: हा मिठागरांच्या खारट पाण्यात राहतो. मुंबईच्या मिठागरांमधूनही याची नोंद झालेली आहे. छातीला पानासारख्या चपट्या पायांच्या ११ जोड्या असतात. त्याच पायांनी पोहणं, त्यांनीच श्वास घेणं आणि त्यांनीच अन्न गोळा करणं. थ्री-इन-वन! मासे आणि कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांना हाच खाऊ घालतात.

नॉप्लिअस: हा वेगळा प्राणी नाही, अनेक कवचधाऱ्यांचं पहिलं बाळरूप आहे. त्याच्याकडे फक्त तीन जोड्या असतात, दोन शृंगिकांच्या आणि एक जबड्यांची. पोहायचंही यांनीच आणि खायचंही यांनीच. मोठेपणी मिशी होणारा अवयव बाळपणी वल्हं असतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत, आधी मिनिमम व्हर्जन रिलीज होतं आणि पुढे प्रत्येक वेळी कात टाकताना नवीन फीचर येतात.

गोड्या पाण्यातला भाऊ आणि नारूची गोष्ट

समुद्र लांब आहे, आम्हाला काय त्याचं, असं वाटत असेल तर आजी-आजोबांना 'नारू' हा शब्द विचारून बघा. पायातून लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा, माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळायचा. या रोगाचा वाहक होता सायक्लॉप्स, म्हणजे विहिरी आणि तळ्यांत राहणारा कोपेपॉड.

सायक्लॉप्सचे तोंडाचे अवयव पकडून फाडणारे आहेत. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जंताची पिल्लं पाण्यात सुटायची. सायक्लॉप्स त्यांना भक्ष्य समजून पकडून खायचा. पिल्लू त्याच्या पोटात जिवंत राहायचं आणि तेच पाणी प्यायलेल्या माणसाच्या शरीरात जायचं. म्हणजे एका मिलिमीटरच्या जिवाच्या जेवणाच्या सवयीमुळे गावंच्या गावं आजारी पडत होती.

उपायही या जिवाच्या आकारातच सापडला. दाट विणीच्या कापडातून पाणी गाळलं की सायक्लॉप्स वर राहतो. सोबत पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हातपंप बसवणं आणि पाण्यात औषध टाकणं. १९९६ नंतर भारतात नारूचा रुग्ण सापडला नाही आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केलं.

आज पणाला काय लागलंय?

पहिला प्रश्न: घास मोठा होतोय. अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायाटमचं पीक मोठं असायचं. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे नॉक्टिल्युका नावाचा हिरवा सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणावर दिसू लागलाय. रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे रील तुम्ही पाहिले असतील, त्या चमकणाऱ्यांपैकी हा एक. त्याची एकच पेशी मिलिमीटरच्या पाचव्या भागापासून दोन मिलिमीटरपर्यंत भरते, म्हणजे कधीकधी खुद्द कोपेपॉडएवढी! ज्या ओंजळीत डायाटम मावतो त्या ओंजळीत हा मावणार कसा? त्याला खाणारे म्हणजे मुख्यतः साल्प आणि जेलीफिशसारखे जीव. अन्नाची साखळी त्या बाजूला वळली की बांगडा-तारलीच्या वाट्याला कमी येण्याची भीती असते. म्हणून चमकणारा समुद्र बघून आपण खूश होतो, पण मच्छीमाराच्या दृष्टीने ती चांगली बातमी असेलच असं नाही.

दुसरा प्रश्न: घासातला खोटा माल. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी १५ प्रकारच्या प्राणीप्लवकांना पॉलिस्टायरीनचे बारीक मणी दिले. आकार १.७ ते ३०.६ मायक्रोमीटर, म्हणजे साधारण शेवाळाच्या पेशींएवढा. १५ पैकी १३ प्रकारांनी ते खाल्ले. काही मणी बाहेरून खाण्याच्या अवयवांच्या केसांत अडकून बसले. आणि एका कोपेपॉडने मणी जास्त असताना शेवाळ कमी खाल्लं. प्रयोगातलं प्लास्टिकचं प्रमाण समुद्रात सहसा असतं त्याहून बरंच जास्त होतं, हे खरं. पण जी ओंजळ पाण्याचा गोळाच पकडते, तिच्यात त्या गोळ्यातलं प्लास्टिकही येतं, हे त्यातून स्पष्ट झालं. चव घेणारे सेन्सर काही कण बाहेर काढतात, सगळे नाही.

आता निघोज्यात बसून याचा आपल्याशी संबंध काय? नकाशा उघडा. आपल्याकडचं पावसाचं पाणी इंद्रायणीत जातं. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. भीमा उजनी धरणातून पुढे जाऊन कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरात. कोकणचा समुद्र आपल्याला जवळ, पण आपलं पाणी मात्र जातं थेट पूर्वेच्या समुद्रात! पुणे-नाशिक हायवेवर झिजलेल्या टायरचा भुगा, पॅकिंगच्या फाटलेल्या फिल्म, थर्माकोलचे दाणे, सिंथेटिक कपडे धुताना सुटलेले धागे यातलं काही वाटेत गाळात बसतं, काही पुढे वाहत राहतं. आणि त्या किनाऱ्यावरही ॲसिटिस इंडिकस, म्हणजे आपला जवळा राहतोच.

मोबाइलने स्वतः बघा

यासाठी मायक्रोस्कोप लागत नाही. आठवडे बाजारात सुक्या मासळीवाल्या मावशींकडून मूठभर जवळा आणा.

१. दहा-पंधरा मिनिटं साध्या पाण्यात भिजवा, म्हणजे पाय मऊ होऊन उलगडतील. ओला जवळा मिळाला तर उत्तमच.

२. काळ्या कागदावर एक जवळा आडवा ठेवा. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा, वरून नाही. बाजूच्या प्रकाशात केस उठून दिसतात.

३. मॅक्रो मोड चालू करा. नसेल तर फोन थोडा लांब धरून दुप्पट झूम करा.

४. डोळ्याच्या मागे, पोटाच्या बाजूला सुईच्या टोकाने हळूच पाय वेगळे करा. छातीचे लांब पाय मोजा. चिमटेवाल्या तीन जोड्या आणि त्यांच्या पुढे लांब तिसरा जंभपाद दिसला पाहिजे.

५. शेजारी एखादी छोटी कोळंबी ठेवून तुलना करा. तिला चालायच्या पायांच्या पाच जोड्या, जवळ्याला तीन.

सुक्या जवळ्याचे पाय आणि मिशा बऱ्याचदा तुटलेल्या असतात, म्हणून चार-पाच नमुने बघा, एकावर निर्णय देऊ नका.

नेहमी पडणारे प्रश्न

कोपेपॉड नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?
हो, मोठे प्रकार दिसतात. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडासमोर धरलं तर झटके देत पळणारा ठिपका दिसतो. अवयव बघायला मात्र मायक्रोस्कोप हवा.

सगळे कोपेपॉड शेवाळ किंवा बारीक जीवच खातात का?
नाही. काही जाती माशांच्या अंगावर आणि कल्ल्यांवर परजीवी म्हणून राहतात. त्यांचे हेच अवयव आकड्यांसारखे झालेले असतात, पकडून ठेवायला.

याचा इंजिनिअरिंगमध्ये उपयोग काय?
फिल्टर म्हटलं की आपण जाळी आणखी बारीक करतो आणि ती तुंबते. कोपेपॉड सांगतो की अगदी छोट्या मापात जाळीपेक्षा हालचाल महत्त्वाची. कधी उघडायचं, किती वेगाने मिटायचं आणि मध्ये कण तपासायचा, एवढं जमलं तर सगळं पाणी गाळायची गरजच राहत नाही. थेंबाएवढ्या द्रवावर काम करणारं कुठलंही उपकरण बनवताना हाच रेनॉल्ड्स नंबर समोर उभा राहतो.

थोडक्यात

कवचधाऱ्यांचं तोंड म्हणजे बदललेल्या पायांची रांग. पुढे सेन्सर, मध्ये जबडा, मागे पकडणारे हात. छोट्या आकारात पाणी काकवीसारखं वागतं, त्यामुळे चाळणी दिसणारी गोष्ट प्रत्यक्षात ओंजळ असते. त्या ओंजळीचं माप लाखो वर्षं डायाटमच्या मापाशी जुळून आलंय. आपण मात्र काही दशकांत पाण्यात त्याच मापाचं प्लास्टिक सोडलंय, आणि ते ओळखायला त्या जिवाकडे चवीपलीकडे दुसरं साधन नाही. थर्माकोलचा तुकडा नाल्यात टाकण्याआधी एवढं लक्षात राहिलं तरी या लेखाचं काम झालं.